लेवीय एकोणीस आणि पऱ्हाटीतली तूर

एक जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात करून वर्षभरात बायबल संपवायचं, असं ठरवलेला माणूस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायापाशी पोचतो. हिशेब सोपा आहे. एकूण अध्याय ११८९, म्हणजे रोजचे सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० संपले की लेवीय लागतं. अर्थात तोवर वाचन टिकलं तर. बहुतेकांचं वाचन निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायानंतर, निवासमंडपाच्या फळ्या, कड्या आणि पडदे मोजता मोजताच अडकतं आणि बायबल परत कपाटावर जातं.

जो टिकला, त्याच्या घरी त्या आठवड्यात तूर खळ्यावर आलेली असते आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेवटशेवटची वेचणी चालू असते. नेमकं तेव्हाच एकोणिसावं वचन समोर येतं: आपल्या शेतात दोन जातींचं बी पेरू नये. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वाचून हसावं की घाबरावं ते कळत नाही. पऱ्हाटीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ, हे इथलं जुनं गणित आहे. बोंडअळीनं किंवा पावसाच्या खंडानं कापूस बुडवला तर तूर हाती लागते. त्याच वचनात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये असंही आहे आणि वाचणाऱ्याच्या अंगात पॉलिस्टर-सुती टेरिकॉटचा सदरा असतो.

इथे वाचणाऱ्यांचे दोन रस्ते होतात. एक जण मनातून खजील होतो, पाळकाला विचारायला लाजतो आणि पुस्तक मिटतो. दुसरा म्हणतो, ‘हा जुना करार आहे, आपल्याले लागू नाही,’ आणि पान उलटतो. मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. कारण त्या उलटलेल्या पानावर, सहाच वचनं वर, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असंही लिहिलेलं आहे. तेही त्याच्याबरोबर उलटून जातं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नाही.

आत्मिक वाढ म्हटलं की आपल्याकडे उपास, रात्रभराची प्रार्थना, कन्व्हेन्शन, जोरकस साक्ष असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. त्या सगळ्याला आपापली जागा आहेच. पण खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाची वाढ बहुतेक वेळा अशाच एखाद्या पानावर सुरू होते किंवा खुंटते: काय लागू, काय नाही, हे प्रामाणिकपणे ठरवायचं आणि जे लागू ठरलं ते त्याच दिवशी शेतात, काट्यावर, घरात करायचं. योहान ७:१७ मध्ये प्रभू येशू म्हणतो की ज्याला देवाच्या इच्छेप्रमाणे करायचं आहे त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते समजेल. म्हणजे करण्याची तयारी आधी आणि समज तिच्या मागून. आपण उलट करतो. सगळं समजल्यावर करू म्हणतो आणि दहा-दहा वर्षं समजूनच घेत बसतो.

आधी वाचण्याचं बोलू.

नवख्या माणसानं उत्पत्ति ते प्रकटीकरण अशी सरळ रेघ धरू नये. मार्कापासून सुरुवात करावी. सोळाच अध्याय आहेत. मोठ्यानं वाचायला बसलं तर दीड-दोन तासांत अख्खं शुभवर्तमान संपतं. मग याकोबाचं पत्र, पाच अध्यायांचं. मग रूथ, चार अध्याय, आणि तेही कापणीच्या दिवसांत घडणारे. त्यानंतर योहान, उत्पत्ति, फिलिप्पैकरांस पत्र. लेवीय आणि अनुवाद ही जुन्या करारातली पुस्तकं दुसऱ्या वर्षी घ्यावीत, पण घ्यावीत नक्की. आपल्या मंडळ्यांमध्ये या दोन पुस्तकांवर उपदेश क्वचित ऐकू येतो, आणि खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या व्यवहारावर तीच सगळ्यात जास्त बोलतात.

वेगाचं गणित नव्या करारापुरतं फार सोयीचं आहे. अध्याय २६०. आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे. दोन दिवस मोकळे राहतात. एक रविवार, तो उपासनेचा. दुसरा गावच्या बाजाराचा, त्या दिवशी तसंही कुणाचं काही होत नाही. सातही दिवस भरलेली योजना पेरणीच्या आठवड्यात कोलमडते आणि मग माणूस मागे पडलेले अध्याय भरून काढायला रोज सात-आठ उरकतो. ते वाचन नव्हे, हप्ते फेडणं झालं.

‘पहाटे पाचला उठून शांत वेळ घ्या,’ हे शहरातल्या पुस्तिकांमधलं वाक्य इथे जसंच्या तसं चालत नाही. वेचणीच्या दिवसांत बाई पाचला चुलीपाशी असते, कारण आठला डबा घेऊन निघायचं असतं. पुरुषाच्या पंपाची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीचं ओलित करून सकाळी आलेल्या माणसाला पहाटेची प्रार्थना जमली नाही म्हणून त्याचा विश्वास कमी होत नाही. घड्याळाची वेळ धरण्यापेक्षा रोज न चुकणाऱ्या एखाद्या कामाला वाचन जोडावं: सकाळच्या चहाच्या आधी, दुपारच्या डब्यानंतर झाडाखाली, मोटर सुरू करून पाणी पाटाच्या टोकाला पोचेपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. ज्यांना अक्षर लागत नाही अशा आज्यांसाठी मोबाइलवर बायबल ऐकायची सोय आहे. मेमरी कार्डात टाकून दिलं की नेटही लागत नाही. मात्र एक अध्याय ऐकून झाला की थांबवून ‘काय ऐकलं?’ असं नातवानं विचारायला हवं, नाहीतर ते रेडिओसारखं पाठीमागे वाजत राहतं.

वाचताना पेन्सिल हातात असावी. कवी ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशानं नवा करार दिला, तेव्हा त्यांनी तो शब्द दिला म्हणून वाचायला घेतला आणि खुणा करत, क्रमानं वाचत गेले. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते अडकले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेही मधलंच एखादं गोड वचन उघडून बसले नव्हते.

एका दिवसाला दहा ते पंधरा वचनांचा शास्त्रभाग पुरे. तो तीनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा पेन्सिलीनं: कोण बोलतंय, कुणाला, कुठे, आधी काय झालं, कोणता शब्द पुन्हा पुन्हा आला. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ या शब्दांखाली रेघ मारायची, कारण प्रेषित पौलाच्या पत्रांत सगळा जोर याच छोट्या शब्दांवर असतो. इफिस २ मध्ये तारण कृपेनं, कर्मांनी नाही, हे आठव्या-नवव्या वचनात येतं आणि लगेच दहाव्यात आपण सत्कर्मांसाठी निर्माण केलेले आहोत हे येतं. दहावं सोडून थांबलं की माणूस आळशी होतो, आणि आठवं सोडून दहाव्यापासून सुरू केलं की अहंकारी. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचायचं, घरातल्यांना ऐकू जाईल असं. मोठ्यानं वाचताना वाक्य कुठे अडतं ते लक्षात येतं, आणि जिथे अडतं तिथेच बहुतेक वेळा कळलेलं नसतं.

मग वही. शाळेची साधी रेघांची चालते. डाव्या पानावर वचन काय म्हणतं ते आपल्या शब्दांत, चार-पाच ओळी. उजव्या पानावर त्या काळच्या ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ काय होता आणि आज मला काय. खाली एकच ओळ, तीन गोष्टींची: कुणाशी, काय, कधीपर्यंत. ‘सर्वांवर प्रेम करीन’ ही ओळ वहीत चालत नाही. ‘धाकट्या जावेला उद्या सकाळी विहिरीवर मी आधी बोलीन’ ही चालते. संध्याकाळी त्या ओळीपुढे ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ लिहायचं, आणि नाही झालं तर कारण. महिन्याभरानंतर ती कारणं एका बैठकीत वाचली की स्वतःबद्दल जे कळतं ते दहा उपदेशांत कळत नाही. कुणाच्या वहीत ‘भीती वाटली’ पुन्हा पुन्हा असतं, कुणाच्या ‘विसरलो’, कुणाच्या ‘त्यानं आधी यायला पाहिजे’.

आता पुन्हा लेवीय एकोणीसकडे, कारण ही पद्धत तिथे नीट तपासता येते.

अध्याय ३७ वचनांचा. ‘मी परमेश्वर आहे’ हे पालुपद त्यात पंधराच्या आसपास वेळा येतं. पेन्सिल असेल तर पहिल्याच वाचनात ते दिसतं. सुरुवात ‘तुम्ही पवित्र असा’ इथून होते, आणि पवित्र कसं व्हायचं याचं उत्तर म्हणून पुढे शेत, मजुरी, काटा, म्हातारी माणसं आणि परका मजूर येतात. वेदीही येते, पण थोडीच. शेताचे कोपरे पूर्ण कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या (९-१०). मजुरी रात्रभर ठेवू नका (१३). बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका (१४). चुगल्या करत फिरू नका (१६). भावाचा मनात द्वेष न करता त्याला तोंडावर सांगा (१७). शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा (१८). दोन जातींचं बी नको, दोन धाग्यांचं कापड नको (१९). पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा (३२). परदेशी माणसाला आपल्यातलाच माना (३३-३४). मापं आणि वजनं खरी ठेवा (३५-३६).

यातलं आपल्याला काय लागू? ‘मला पटतं ते लागू’ ही कसोटी नाही. कसोटी अशी की प्रभू येशू आणि प्रेषितांनी त्या आज्ञेचं काय केलं ते नव्या करारात शोधायचं. त्यासाठी बायबलच्या समासातले किंवा तळाचे संदर्भ असतात. ज्या प्रतीत ते आहेत तीच प्रत अभ्यासाला घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी. अठरावं वचन मत्तय २२ मध्ये प्रभूच्या तोंडी आहे, रोम १३, गलती ५ आणि याकोब २ मध्येही आहे. मजुरीची आज्ञा याकोब ५:४ मध्ये आणखी कडक होऊन येते: कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी स्वतः ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. खाण्यापिण्याचे शुद्धाशुद्धतेचे नियम मात्र मार्क ७ आणि प्रेषितांची कृत्ये १० मध्ये मागे पडतात. बी आणि कापडाचा नियम इस्राएलाला इतर राष्ट्रांपासून वेगळं ठेवणाऱ्या खुणांपैकी होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. नवा करार तो मंडळीवर कुठेच लादत नाही. तेव्हा पऱ्हाटीतली तूर राहू द्यावी. तिची काळजी करण्यात जो वेळ जातो तो तेराव्या वचनाला द्यावा.

तेरावं वचन आपल्या गावात कसं दिसतं? बऱ्याच ठिकाणी मजुरी रोजच्या रोज न देता बाजाराच्या दिवशी द्यायची पद्धत आहे. मग रोज रात्री आज्ञा मोडली जाते का? माझं मत असं की आठवड्याचा हिशेब दोघांच्या संमतीनं आधी ठरला असेल तर तो करार आहे आणि अडचण नाही. अडचण पुढे आहे. बाजार सकाळी भरतो आणि पैसे संध्याकाळी मिळतात. किंवा ‘अजून कापूस विकला नाही, पुढच्या बाजारी घे’. अनुवाद २४:१५ मध्ये कारण दिलं आहे: तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशात अडकलेलं आहे. मालकाचा कापूस विकला की नाही याच्याशी त्या मनाचा संबंध नाही. त्या आठवड्याची वहीची ओळ अशी असेल: ‘बुधवारी रात्री सुटे पैसे आणून ठेवणं. गुरुवारी सातच्या आत सगळ्यांच्या घरी.’ सुटे पैसे लिहिलं नाही तर गुरुवारी सकाळी पाचशेच्या नोटा हातात आणि ‘संध्याकाळी देतो’ तोंडात, हे ठरलेलं.

आणि पस्तिसावं-छत्तिसावं वचन. वेचणीच्या दिवशी साडेपाचच्या सुमारास बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोळा होतात. बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला असतो, एकेकीचं गाठोडं चढतं, मालक आकडा बोलतो आणि मुलगा वहीत लिहितो. काटा हलत असतो. गाठोडं थरथरणं थांबायच्या आत आकडा बोलला जातो, तो नेहमी खालचा असतो. तेवीस किलो सातशे ग्रामचे ‘तेवीस’ होतात. गाठोड्याच्या कापडाचं म्हणून आणखी थोडं जातं आणि सकाळच्या दवाचं म्हणूनही, जरी मोजणी संध्याकाळची असली तरी. कुणीच याला चोरी म्हणत नाही. बाया एकमेकींकडे बघतात आणि गाठोडी सोडतात. सरासरी अर्धा किलो धरला, बारा बाया धरल्या, हंगामाचे वीस दिवस धरले, तर एकशे वीस किलो होतात. व्यापारी आपल्या मालाच्या वजनात कटती लावतो तेव्हा आपण किती तळमळतो! आमोसाच्या आठव्या अध्यायातले व्यापारीही शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी संपतो याची वाट बघत माप लहान करत होते. उपासनेत बसलेलेच होते ते.

इथलं आज्ञापालन दोन मिनिटांचं आहे. काटा स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही. ग्राम लिहायचे. रिकामं गाठोडं एकदा सगळ्यांसमोर तोलून तेवढंच वजा करायचं. आकडा मालकानं न बोलता ज्या बाईचं गाठोडं आहे तिला वाचायला लावायचा. पहिल्या दिवशी लोक हसतील, शेजारचा मालक तर चिडेलही, कारण उद्या त्याच्या वावरात त्याच बाया जाणार आहेत. ती चीड सोसणं हा आज्ञेचाच भाग आहे.

नवव्या-दहाव्या वचनाबद्दल एवढंच की तिथे ‘दान द्या’ असं म्हटलेलं नाही, ‘राहू द्या’ म्हटलं आहे. सोयाबीन निघालं की दुसऱ्या दिवशी सरवा वेचायला बाया-पोरं येतात. त्यांच्यामागे कुत्रं सोडू नये, आणि बकऱ्या लगेच घालू नयेत, दोन दिवस थांबावं. रूथच्या दुसऱ्या अध्यायात शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं टाका आणि सरवा वेचणाऱ्या रूथला धमकावू नका. बवाजाची उदारता आपण उपदेशात फार गातो. मेळघाटातून हंगामाला उतरलेल्या मजुरांच्या टोळीला पिण्याच्या पाण्याची सोय कुठे केली, ते मात्र कुणी विचारत नाही. चौतिसावं वचन तेच विचारतं.

सगळं इतकं सरळ मात्र लागत नाही. एक नेहमीची अडचण म्हणजे रविवार. सोयाबीन कापून पडलं आहे, आभाळ भरून आलं आहे आणि उपासनेची वेळ झाली आहे. एकीकडे लूक १४:५: विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी कोण काढणार नाही? दुसरीकडे निर्गम ३४:२१: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्या. दोन्ही वचनं एकाच बायबलात आहेत आणि ज्याला जे सोयीचं तो ते पाठ करतो. माझ्या मते प्रश्न असा विचारावा: ही अडचण आज अचानक आली, की शनिवारी ताडपत्री आणली नाही म्हणून आली? पहिली असेल तर मंडळीतल्या चार जणांनी उपासना तासभर पुढे ढकलून त्या घरचं सोयाबीन झाकायला जावं. पाळक पाच गावं सांभाळत असेल तर त्याला वेळ बदलणं जड जातं, पण बाकीच्यांना हात आहेतच.

प्रसादाचं तसंच. गावात शेजारी आपुलकीनं घरी आणून देतात. मूर्तींना वाहिलेलं अन्न खावं की नाही, हाच प्रश्न करिंथच्या मंडळीपुढे होता आणि पौलानं त्यावर १ करिंथ ८ ते १० असे तीन अध्याय खर्च केले. एका ओळीत उरकला असता तर त्याला ते जमलं नसतं का? दुसऱ्याचा विवेक, आपली साक्ष आणि कुणालाही अडखळण न होणं, हे तिन्ही तो तोलतो. घरोघरी निर्णय वेगळे पडतील. पण घ्यायचं नाही असं ठरलं तरी ते हात जोडून, नीट शब्दांत सांगायचं. १ करिंथ १०:३२ उद्धटपणाला जागा ठेवत नाही.

वाढ खुंटते त्याची आणखीही कारणं आहेत. सगळ्यात मोठं म्हणजे वचनांची चिठ्ठी. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन काढायचं, ते कार्ड भिंतीला लावायचं आणि वर्षभर त्याच्याकडे बघायचं. यिर्मया २९:११ फार वेळा निघतं, देवाचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं. ते खरंच आहे. पण ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं सांगितलं आहे, आणि पाचव्या ते सातव्या वचनात घरं बांधा, मळे लावा, ज्या परक्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असं काम दिलेलं आहे. कार्डावर एवढं मावत नाही. वर्षाच्या शेवटी मुलाला नोकरी लागली नाही की माणूस देवावर रुसतो, आणि ज्या वचनावर रुसतो ते त्याला कधी कुणी पूर्ण वाचूनच दाखवलेलं नसतं.

दुसरं कारण, वचन दुसऱ्याच्या मापाचं शिवणं. ‘हे आपल्या सासूनं ऐकायला पाहिजे होतं.’ वहीत दुसऱ्याचं नाव फक्त ‘कुणाशी’ या रकान्यात यावं, ‘कुणी’ या रकान्यात नाही.

तिसरं जरा नाजूक आहे. देवाचं काम म्हणून घरचं टाळणं. मार्क ७:११ मधला ‘कुर्बान’, म्हणजे ‘हे देवाला वाहिलं आहे’ म्हणून आईबापाला न देणं, हाच. म्हाताऱ्या आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या आहेत आणि मुलगा मंडळीच्या इमारतीसाठी मोठी वर्गणी जाहीर करतो. टाळ्या पडतात. प्रभूनं अशा देण्याला देवाची आज्ञा रद्द करणं म्हटलं आहे, आणि ते ऐकणारे लोक धार्मिक होते. अशा वेळी पाळकानं वर्गणी परत करायचं धाडस दाखवलं तर मंडळीची जेवढी वाढ होईल तेवढी स्लॅब टाकून होणार नाही.

एकट्यानं हे फार दिवस चालत नाही. सहा-आठ जणांचा गट हवा, आठवड्यातून एकदा, कुणाच्या तरी ओसरीवर. गीत एक, दोन नाही. शास्त्रभाग सगळ्यांनी आळीपाळीनं वाचायचा. चालवणाऱ्यानं सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त: काय दिसलं, काय कळलं नाही, गेल्या आठवड्याच्या ओळीचं काय झालं. तिसरा प्रश्न विचारला की ओसरीवर शांतता पसरते. ती लगेच भरून काढू नये. पुरुषांनी आधी बोलावं, नाहीतर सगळी कबुली बायांच्याच वाट्याला येते. आणि तिथे बोललेलं दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात ऐकू आलं तर तो गट संपला असं समजावं; सोळावं वचन चुगलीबद्दल उगाच नाही.

पाठांतर आठवड्याला एक वचन, संदर्भासकट. डवरणीला ते छान होतं: पिकाच्या एका तासाला, म्हणजे ओळीला, एकदा म्हणायचं, तास बदलला की पुन्हा.

आणि ज्या दिवशी वहीतलं काम जुन्या चुकीपर्यंत पोचतं, तेव्हा काय? समजा, काट्याचं वचन वाचून एखाद्याला मागच्या हंगामाचे एकशे वीस किलो आठवले. नुसता पश्चात्ताप, प्रार्थना आणि पुढे नीट वागण्याचा निश्चय एवढ्यावर बरेच जण थांबतात. शास्त्र थांबत नाही. लेवीय ६ च्या सुरुवातीला अशा माणसासाठी हिशेब दिला आहे: घेतलेलं पूर्ण परत, वर त्याचा पाचवा हिस्सा, आणि अर्पणाच्या आधी ज्याचं त्याला. जकातदार जक्कयानं स्वतःहून चौपट देऊ केलं (लूक १९:८), पण पाचवा हिस्सा ही किमान पातळी. वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरला तर बाराशे रुपये झाले, वर दोनशे चाळीस. बारा जणींना वाटले तर प्रत्येकी एकशे वीस. रक्कम लहान आहे म्हणून ‘जाऊ दे, दिवाळीला साडी देऊ’ असं मनात येतं. तसं करू नये. साडी दिली की मालक दानशूर ठरतो आणि बाई उपकाराखाली राहते. पैसे हातात द्यावेत आणि काय होतं ते सांगावं: ‘मागच्या साली काट्यात कमी धरलं होतं, हे तुमचेच.’ ती म्हणेल, ‘आमाले माहीत होतं, भाऊ.’ ते ऐकून घ्यावं, स्पष्टीकरण देऊ नये.

बारांपैकी एखादी मधल्या काळात वारली असेल तर गणना ५:८ वाचावं. भरपाई तिच्या जवळच्या नातलगाला जाते, आणि कुणीच नसेल तरच याजकाकडे. म्हणजे मंडळीच्या पेटीत टाकायच्या आधी तिची मुलगी कोणत्या गावी दिली आहे ते विचारत जायचं. एकशे वीस रुपयांसाठी एसटीच्या तिकिटाला तेवढेच लागतील. तो खर्च देणाऱ्याचा. एकशे वीसमधून कापायचा नाही.